काकूंची फांदी

आमच्या रस्त्यावर खरादाचं एकच दुकान होतं आणि ते नेमकं आमच्या समोर. माझे वडील शिंपी. त्यांचं शिवणयंत्र आणि समोरचा खराद दिवसभर एकमेकांशी वाद घातल्यासारखे आवाज करायचे. खरादावर लाकूड फिरवत, कातत काका उभे असायचे. कुऱ्हाड, कुदळ, फावडं, हातोडा, कशाचाही दांडा मोडला की लोक त्यांच्याकडे यायचे. त्यामुळे सगळे त्यांना 'दांडेवाले' म्हणत. खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत असावं.

पण मला सांगायचं आहे ते काकूंबद्दल.

काकू समोरच्या घरात आल्या तेव्हा त्यांचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं. त्या वर डोंगरातल्या, जिथे ढग दारातून आत येतात अशा गावच्या. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं करता करता यांचं लग्न राहून गेलं. काकांचंही वय टळलेलंच. कारण एवढंच, की मुलगी बघायला गेल्यावर ते तोंडच उघडायचे नाहीत. माझी आई म्हणायची, "तो बोलत नाही आणि ही कुणाचं ऐकून घेत नाही. जमेल दोघांचं." आणि खरंच जमलं, पण सरळ रेषेत नाही.

घर म्हणजे पुढे दुकान, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. लाकडाचा भुसा तिन्हीकडे. आजी, म्हणजे काकूंच्या सासूबाई, म्हणायच्या की आमच्याकडे मीठ कमी पडलं तरी चालेल, भुसा काही कमी पडत नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की थोडी मोकळी जागा आणि तिच्या मधोमध एक झाड. बुंधा चांगला जाडजूड, पण पुरुषभर उंचीवर जिकडेतिकडे तोडल्याच्या गाठी आणि प्रत्येक गाठीतून सरळसोट फोक वर गेलेले. केरसुणी उलटी रोवावी तसं दिसायचं ते. मनगटाएवढे जाड झाले की काका ते फोक तोडत, माळ्यावर वाळवत आणि त्यांचे दांडे करत. डोंगरावरच्या जंगलातलं हे लाकूड चिवट असतं. घाव सोसतं आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. काकांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मागचं दार उघडलं आणि त्या ओरडल्याच, "अगं बाई! शाईचं झाड! इथे?"

आजी धावत आल्या. त्यांना वाटलं, साप निघाला.

"याला फळं येतात ना हो आई?"

"कसली फळं? याला दांडे येतात," आजी म्हणाल्या.

काकूंनी मग समजावून सांगितलं. त्यांच्या गावाकडे ही झाडं कुणी तोडत नाही. फांदी चांगली जुनी झाली की तिच्या सालीलाच चिकटून वाटाण्याएवढी फळं धरतात. आधी हिरवी, मग गुलाबी, आणि पिकली की काळीजांभळी. खाल्ली की जीभ, ओठ, बोटं, सगळं शाई सांडल्यासारखं होतं. शाळेत गुरुजी आल्या आल्या सगळ्यांना जीभ बाहेर काढायला लावायचे, कारण वाटेत कोण कुठे रेंगाळलं ते जिभेवरच लिहिलेलं असायचं. चवीला गोड, पण मागून जरा तुरट. "तो तुरटपणाच खरा," काकू म्हणाल्या. "नुसत्या गोडाला काय, साखर आहेच की."

आजींचा जन्म त्या घरात गेला होता, पण त्यांनी या झाडाला एकही फळ कधी बघितलं नव्हतं. फांदीला जुनं होऊच दिलं नव्हतं कुणी.

काकूंनी काकांकडे मागणं मागितलं ते जेवताना. "अहो, एक फांदी सोडाल का माझ्यासाठी?"

काका बराच वेळ भात चिवडत राहिले. आजी मध्येच म्हणाल्या, "फांदी म्हणजे किती दांडे झाले, माहीत आहे का तुला?"

"नाही माहीत," काकू म्हणाल्या. "पण मी दुसरं काही मागणार नाही."

काका उठले, हात धुतले आणि आमच्या दुकानात आले. वडिलांकडून लाल कापडाची चिंधी मागून घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे झुकलेली एक फांदी होती, तिला ती बांधली. काकूंना उत्तर कळलं.

वर्षं गेली. चिंधीचा लाल रंग उडाला, फांदी जाड होत गेली, फळाचं मात्र नाव नाही. काकूंना मुलगी झाली. ती चालायला लागली, मग पळायला लागली आणि त्या फांदीला लोंबकळायलाही लागली. आजी येताजाता टोमणा मारायच्या, "सूनबाईंच्या फांदीला आज काय आलंय? पेरू की संत्री?" काकू पण कमी नव्हत्या. "आलं की आधी तुम्हालाच देते आई. दात तेवढे सांभाळून ठेवा."

त्यानंतरचं मला काकूंनीच पुढे कधीतरी सांगितलं. त्यांच्या भावाची बायको बाळंत होणार होती म्हणून त्या मुलीला घेऊन महिनाभर गावी गेल्या. तेवढ्यात इकडे रस्त्याचा एक ठेकेदार काकांकडे आला. घाटात मोठं काम निघालं होतं. पुढच्या हंगामाला कुदळी-फावड्यांचे ढीगभर दांडे हवे होते आणि सगळे या एकाच लाकडाचे. काकांनी हो म्हटलं. एवढं मोठं काम त्यांच्या वडिलांनीही कधी घेतलं नव्हतं. पण लाकूड वाळायला महिने लागतात, म्हणजे तोडायचं ते लगेच. त्यांनी सगळे फोक तोडले. तरी कमी पडत होतं. खिडकीकडची फांदी समोर होती.

त्यांनी तीही तोडली.

काकू परत आल्या. बॅग ओट्यावर ठेवून मागचं दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. खिडकीत एवढा उजेड त्यांनी त्या घरात कधी बघितला नव्हता. वर बघितलं तर चुलीवरच्या माळ्यावर ओंडके रचलेले, आणि त्यातल्या एकाला अजून ती विटकी चिंधी तशीच होती. ती सोडायचंही काकांना सुचलं नव्हतं.

"मी भांडायला हवं होतं," काकू मला म्हणाल्या. "भांडले असते तर बरं झालं असतं. पण माझी वाचाच गेली. बोलणाऱ्या बाईनं बोलायचं थांबवलं की घराला कसं होतं माहीत आहे? नळ गेल्यासारखं."

त्या सगळं करत होत्या. चहा देत होत्या, भुसा झाडत होत्या, मुलीची वेणी घालत होत्या. फक्त काकांशी कामापुरतंच बोलत. 'वाढू का', 'मोटर बंद करा', एवढंच. आणि स्वयंपाक करताना मान वर करत नसत, कारण वर ती फांदी वाळत होती.

आजींना सगळं दिसत होतं. इतकी वर्षं टोमणे मारणाऱ्या आजी एका सकाळी दुकानात गेल्या, खरादाची मोटर स्वतः बंद केली आणि मुलाला म्हणाल्या, "गाढवा, तिनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती."

"काम मोठं होतं, आई."

"काम मोठं होतं, आणि तू?"

काकांनी त्या कामाचे दांडे केले, पण काकूंच्या फांदीच्या लाकडाला काही हात लावला नाही. तेवढं लाकूड त्यांनी वरच्या जंगलातून, रीतसर परवानगी काढून, स्वतःच्या पाठीवर आणलं. त्यानंतर लाकूड कायम तिथूनच आणायला लागले. बसच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे चढ, येताना खांद्यावर ओझं. शर्टाचा खांदा फाटायचा आणि तो शिवायला आमच्याकडे यायचा. वडिलांनी एकदा विचारलं, "अहो, परसात झाड असताना हा उपद्व्याप कशाला?"

काका म्हणाले, "ते झाड आता तिचं आहे."

हे वाक्य माझ्या वडिलांनी घरी सांगितलं, आईनं ते संध्याकाळी काकूंना सांगितलं. पोस्टानं गेलं असतं तर इतक्या लवकर पोचलं नसतं. दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानापर्यंत त्यांचा आवाज ऐकू आला, "अहो, किती वेळ हाक मारू? चहाचं पाणी झालंय त्याचं!" माझ्या आईनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "आलं बाई, नळाला पाणी आलं."

झाड वाढत राहिलं. कुणी तोडत नव्हतं म्हणून ते एकदाचं झाडासारखं दिसायला लागलं. काकूंना आता घाई नव्हती. फळ धरायला फांदी जुनी व्हावी लागते, ती होईल तेव्हा होईल.

आणि मग काकांचा हात गेला.

पूर्ण नाही गेला, पण जवळजवळ तसंच. बाही खरादाच्या पट्ट्यात अडकली आणि उजवा हात ओढला गेला. माझ्या वडिलांना आवाज वेगळा लागला म्हणून ते धावत गेले, त्यांनीच मोटर बंद केली. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली आणि अंगठ्यातली ताकद गेली. काका घरी आले ते हाताचं गाठोडं गळ्यात घेऊन. दुकानाचं दार बंद झालं. आम्हाला समोरून यायचा तो आवाज बंद झाला, तेव्हा वडील शिवताना सारखे थांबून कान द्यायचे.

काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आजी हळद घालून दूध द्यायच्या, तेही तसंच राहायचं. असे बरेच दिवस गेल्यावर काकूंनी एका सकाळी स्टूल घेतलं, माळ्यावर चढल्या आणि ती चिंधीची फांदी खाली काढली. इतक्या वर्षांत वाळून ती हाडासारखी कडक झाली होती.

काका उठून बसले. "काय करतेस?"

"दांडा करते. कुऱ्हाडवाला तीन वेळा येऊन गेलाय."

"तुला येतो का?"

"इतकी वर्षं समोर बघतेय. न यायला काय झालं?"

त्यांना येत नव्हता. पहिला दांडा मधेच चिरला. दुसरा बारीक होत होत लाटण्याएवढा राहिला. आजींनी तो उचलला आणि म्हणाल्या, "बरं झालं, माझं जुनं लाटणं वाकडंच होतं." तिसऱ्याच्या वेळी काकांना राहवेना. ते स्टूल घेऊन खरादाशेजारी येऊन बसले.

"पटाशी तिरपी धर. तिरपी. अगं, भाजी कापत नाहीयेस. हात लाकडावर नको, टेकूवर ठेव. आवाज ऐक. किरकिर आली की समज, तू जबरदस्ती करतेयस."

जन्मभर न बोललेला माणूस बोलायला लागला. सकाळी सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत. लाकडाची नस कशी बघायची, गाठ कुठे टाळायची, कुऱ्हाडीचा दांडा गोल करून मग रंध्यानं चपटा कसा करायचा, काचेच्या तुकड्यानं कसा घासायचा, अळशीचं तेल किती वेळा पाजायचं. काकू वैतागून म्हणायच्या, "लग्नाआधी हे सगळं बोलला असतात तर मी विचार केला असता!" आणि काका हसायचे. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खरादासारखंच होतं, आधी घरघर आणि मग सुरळीत.

गिऱ्हाइकं जरा बिचकली. एक लाकूडतोड्या दांडा हातात फिरवत म्हणाला, "बाईच्या हातचा आहे म्हणे." आजी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दांडा बाईनं केला की बुवानं, ते तुझ्या कुऱ्हाडीला कळतं का?" तो दांडा घेऊन गेला. पुढे त्याचाच भाऊ आला, मग त्यांचा शेजारी. दुकान पुन्हा चालू लागलं. काकूंच्या केसांत, भुवयांत भुसा दिसायला लागला. खरादावर उभं राहण्याआधी त्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून घट्ट बांधायच्या आणि काका ती गाठ रोज डाव्या हातानं तपासायचे. हे मात्र एकदाही चुकलं नाही.

अडचण आली ती लाकडाची. माळ्यावरचं संपलं. काकांना आता ओझं घेऊन डोंगर उतरणं शक्य नव्हतं. वखारीतून आणलेलं लाकूड ठिसूळ निघालं, चार दांडे परत आले. एक दिवस काकू मागच्या दारात चहा पीत बसल्या होत्या. समोर झाड. त्यांनी मला सांगितलं, "तुला खोटं वाटेल. मला त्यात फळं दिसेनात. जिकडे बघावं तिकडे दांडे. हा कुदळीचा, हा हातोड्याचा, तो सरळ आहे तो कुऱ्हाडीचा. मला माझीच भीती वाटली. म्हटलं, म्हणजे त्यांना तेव्हा असंच दिसलं असणार."

त्यांनी चहा संपवला आणि करवत आणली.

काका झाडाखाली जाऊन उभे राहिले. "नाही."

"अहो, बाजूला व्हा."

"या झाडाला करवत लागणार नाही. माझ्याकडून एकदा झालं तेवढं पुरे."

"तुमच्याकडून झालं ते मला न विचारता झालं," काकू म्हणाल्या. "आज मी विचारतेय. झाड माझं ना? मग माझ्या झाडाचं काय करायचं ते मी तुम्हाला विचारतेय."

काका हळूच म्हणाले, "तू इतकी वर्षं वाट बघितलीस."

"बघितली. अजून बघेन. पण पोरीची शाळा, आईंची औषधं, तुमचा हात, हे वाट बघणारं नाही. मागच्या गल्लीकडची बाजू मी तोडते. खिडकीकडची ठेवू. चालेल?"

काका बाजूला झाले. पण त्यांना बघवेना. ते झाडाकडे पाठ करून मागच्या दाराच्या पायरीवर बसले आणि काकू वर चढून एकेक फांदी तोडत असताना पाठमोरे बसूनच सांगत राहिले, "खालून आधी खाच घे. नाहीतर साल सोलत जाईल." साल कुठेच सोलली नाही. गल्लीकडचं अर्धं झाड माळ्यावर गेलं आणि अर्धं खिडकीशी राहिलं. येणारे-जाणारे बघून हसायचे. बोडकी एक बाजू, झिपरी दुसरी.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझ्या आईनं मला काकूंकडे कसलंसं भांडं परत द्यायला पाठवलं होतं. मी आत गेले तर काकू खरादावर होत्या आणि आजी मागच्या दाराशी बसलेल्या. मी आजींना नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली, तोंड उघडलंच नाही. मला आश्चर्य वाटलं, कारण आजी आणि गप्प ही गोष्ट कुणी पाहिलेली नव्हती.

"आजी, बरं नाही का?"

आजींनी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात काकू हात पुसत आल्या. त्यांनी सासूबाईंकडे एकदा बघितलं, आणि त्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"आई, जीभ दाखवा."

"मी नाही बाई काही खाल्लं," आजी म्हणाल्या, आणि बोलल्या तेवढ्यात सगळं दिसलं. ओठ, जीभ, उरलेले दोन-तीन दात, सगळं जांभळंगर्द.

काकू धावत खिडकीशी गेल्या. फांदीच्या सालीला चिकटून, पानांच्या मागे, मण्यांसारखी फळं. बाहेरून दिसत नव्हती. आजींना कळलं ते एक पाखरू तिथे सारखं येऊन बसायचं म्हणून. चार दिवस त्या गुपचूप खात होत्या आणि पिकलेली संपली की हिरव्यांवर पहारा करत होत्या.

काकूंनी एक फळ तोडलं, पण खाल्लं नाही. त्या दुकानात गेल्या. काका स्टुलावर बसून दांड्याला तेल लावत होते. काकूंनी ते फळ त्यांच्या तोंडात घातलं. काका चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे?"

"तुरट आहे," काका म्हणाले. आणि मग घाईघाईनं, "पण गोड आहे, गोड आहे!"

काकू तिथेच भुशात बसल्या आणि इतक्या हसल्या की माझे वडील समोरून बघायला आले.

नंतर दर वर्षी फळ यायचं. काकांनी ठरवलं, आपण ती बसथांब्यावर विकायची. टोपलीत पानं घालून, वर फळं रचून ते जायचे आणि संध्याकाळी टोपली रिकामी, खिसाही रिकामा घेऊन परत यायचे.

"विकलीत की वाटलीत?" काकू विचारायच्या.

"चव बघायला दिली."

"अख्ख्या गावाला?"

"गावानं चव बघितल्याशिवाय गावाला कळणार कसं?"

काकू कपाळावर हात मारायच्या. पण दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा भरून द्यायच्या. मला वाटतं, माणूस घराबाहेर पडून चार लोकांशी बोलतोय, याचंच त्यांना जास्त समाधान होतं. उरलेली फळं साखरेत शिजवून बरण्या भरायच्या. त्यातली एक आमच्या घरी यायची आणि वडील ती कपाटात कापडाच्या ताग्यांमागे लपवून ठेवायचे.

आजी पिकलं पान होत्या, त्या गेल्या. मुलगी शिकली, दूरच्या शहरात दवाखान्यात परिचारिका झाली. सुट्टीला येते तेव्हा वडिलांचा हात बघते आणि आईला खराद कमी करायला सांगते. आई ऐकून घेत नाही. थंडीत काकांचा हात दुखतो. काकू संध्याकाळी तो आपल्या मांडीवर घेऊन अळशीचं तेल चोळतात. एकदा मी म्हटलं, "काकू, हे तर दांड्याचं तेल." त्या म्हणाल्या, "दांड्याला चालतं तर दांडेवाल्याला का चालणार नाही?"

मी मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. वडिलांनी आता शिवण सोडलंय, पण खुर्ची अजून दुकानाच्या दारातच असते. समोर खराद चालू होता. काकूंचे केस पूर्ण पांढरे झालेत, त्यामुळे भुसा कुठे आणि केस कुठे ते कळत नाही. काकांना अलीकडे चालताना आधार लागतो म्हणून त्या त्यांच्यासाठी काठी करत होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, मोटर बंद केली आणि काठी घेऊन काकांकडे आल्या.

"उभे राहा बघू. उंची बघायची आहे."

काका उभे राहिले.

"सरळ उभे राहा."

"सरळच आहे."

"मग उंची गेली कुठे?" काकू त्यांच्या शेजारी जाऊन खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आधी त्या त्यांच्या खांद्याला लागायच्या. आता दोघं जवळजवळ सारखे दिसत होते.

"तूच वाढलीस," काका म्हणाले.

"हो, या वयात!" काकूंनी काठीवर नखानं खूण केली, थोडा विचार केला आणि खूण जरा वर सरकवली. "थोडी लांबच ठेवते. थंडी गेली की तुम्ही परत ताठ व्हाल."

काकांनी डावा हात पुढे केला, काकूंच्या बाहीची गाठ ओढून बघितली आणि मान हलवली. काकूंनी मोटर चालू केली.